गोल्फ मैदानावरील हिरवळीचे पुनरुज्जीवन : चेन्नईचे वेळापत्रक पुण्यात का चालत नाही

चेन्नईच्या पश्चिमेस, बंगळुरू महामार्गावरील इरुंगाट्टुकोट्टै परिसरात वर्षातील निम्म्याहून अधिक पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांमुळे ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पडतो. पुण्याचा पाऊस तोपर्यंत बहुतांशी संपलेला असतो. गोल्फ ग्रीनच्या वार्षिक डागडुजीचा मुहूर्त ठरविताना हा फरक दुर्लक्षिल्यास संपूर्ण हंगाम वाया जाऊ शकतो.

उष्ण प्रदेशातील ग्रीनवर प्रामुख्याने संकरित बर्म्युडा गवत असते. शेतकरी ज्या हरळीशी जन्मभर झुंजतो, तिचेच हे आप्त. १९६५ मध्ये अमेरिकेत प्रसारित झालेल्या ‘टिफड्वार्फ’सारख्या वाणांना बी धरत नाही, उघडी पडलेली जागा केवळ धावत्या खोडांनी भरून येते. या वाढीस ऊब आणि भरपूर ऊन लागते. थंडी व ढगाळ हवा या दोन्हींमुळे ती मंदावते.

ग्रीनवर मृत खोडामुळांचा गादीसारखा थर साचतो. तो १२ मिमीहून जाड झाल्यास पाणी झिरपत नाही व रोगकारक बुरशीस आश्रय मिळतो. चाकूने उभा काप काढून हा थर पट्टीने मोजावा. प्रथम उभ्या पात्यांच्या यंत्राने गवत विरळ करावे. त्यानंतर पोकळ दातांच्या यंत्राने ७ ते १० सेंमी खोलीपर्यंत मातीचे गाभे काढावेत. १२ मिमी व्यासाचे दात ५ सेंमी अंतरावर असल्यास एका फेरीत पृष्ठभागाचा जेमतेम ४.५ टक्के भाग निघतो. म्हणून सर्व थर एकाच वर्षी काढण्याचा हट्ट धरू नये. गाभे उचलून छिद्रे कोरड्या वाळूने काठोकाठ भरावीत. वाळू धुतलेली, मुख्यतः ०.२५ ते १ मिमी कणांची आणि ग्रीनच्या मूळ वाळूशी जुळणारी असावी. येथे केलेली काटकसर महागात पडते : भुकटीयुक्त कृत्रिम वाळूने निचरा बंद होतो, तर समुद्राच्या न धुतलेल्या वाळूतून क्षार येतात. प्रति चौरस मीटर ५ ग्रॅम नत्र, म्हणजे सुमारे ११ ग्रॅम युरिया, दोन हप्त्यांत देऊन पाणी द्यावे. काही दिवस कापणीची उंची थोडी वाढवावी. हवामान अनुकूल असल्यास दोन ते तीन आठवड्यांत ग्रीन पूर्ववत होते.

चेन्नईत जानेवारीतही किमान तापमान २० अंश सेल्सिअसच्या आसपास राहते. तेथे धास्ती थंडीची नसून ऑक्टोबरनंतरच्या मुसळधार पावसाची असते. इरुंगाट्टुकोट्टैलगतच्या चेंबरंबाक्कम तलावाचा परिसर डिसेंबर २०१५ च्या अतिवृष्टीने देशाला परिचित झाला. अशा पावसात नुकतीच पसरलेली वाळू टिकत नाही. त्यामुळे तेथील मुख्य काम जुलै-ऑगस्टमध्ये उरकणे श्रेयस्कर.

पुण्यात मात्र हेच महिने सर्वाधिक ढगाळ. येथे मुख्य काम मेच्या पूर्वार्धात करावे, म्हणजे पावसाळ्यापूर्वी छिद्रे भरून येतात. ऑक्टोबरमध्ये केवळ हलके विरळीकरण करावे. डिसेंबरमध्ये खोल छिद्रे पाडल्यास ती उन्हाळा लागेपर्यंत उघडीच राहतात. मे महिन्यात गावे टँकरवर अवलंबून असताना ग्रीनसाठी पिण्याचे पाणी वापरणे समर्थनीय नाही. प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरता येते, परंतु त्याची विद्युतवाहकता आधी तपासून घ्यावी. क्षार अधिक असल्यास पहिल्या चांगल्या पावसापर्यंत नत्राचा दुसरा हप्ता रोखून धरावा.