विंडोज सोडताना कोणते लिनक्स?

प्रश्न : अंबड औद्योगिक वसाहतीत आमचा सुटे भाग घडविण्याचा लहान कारखाना आहे. कचेरीतील विंडोज १० च्या जुन्या संगणकांवर विंडोज ११ चालत नाही. लिनक्सचा कोणता प्रकार घ्यावा?

उत्तर : विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपुष्टात आल्यामुळे आपली विवंचना रास्त आहे, तथापि लिनक्सच्या निवडीकडे वळण्यापूर्वी, आपल्या दफ्तरातील कोणते काम कोणत्या प्रणालीवाचून अडते, याची यादी करणे अगत्याचे आहे. हिशेब टॅलीवर आणि आराखडे ऑटोकॅडवर होत असतील, तर ही दोन्ही लिनक्ससाठी निर्माणच झालेली नसल्याने, त्या कामापुरता विंडोज ११ चा एक संगणक राखून ठेवावा. विंडोजच्या प्रणाली लिनक्सवर चालविणाऱ्या 'वाइन'च्या साहाय्याने या दोन्ही चालविण्याचा खटाटोप कारखानदाराने करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

उरलेल्या संगणकांवर लिनक्स मिंट घ्यावे. त्याची मांडणी विंडोजला सरावलेल्या कारकुनास परकी वाटत नाही, आणि उबुंटू २४.०४ वर आधारलेल्या त्याच्या २२ व्या मालिकेस २०२९ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळावयाच्या आहेत. संगणकाची स्मृती (रॅम) चारच गिगाबाइट असेल, तर मिंटच्या 'सिनॅमन' आवृत्तीऐवजी हलकी 'एक्सएफसीई' आवृत्ती बरी. सी-डॅक या सरकारी संस्थेच्या बॉस लिनक्सविषयी मला आदर आहे, परंतु अडलेल्या नवख्यास मिंटविषयीचे मार्गदर्शन अधिक सहज सापडते.

श्री-लिपीच्या बिगर-युनिकोड टंकांत टंकलिखित जुना पत्रव्यवहार मात्र विंडोज हाताशी असतानाच युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा. तसेच पेनड्राइव्हवरून मिंट चालवून, काहीही न पुसता, छपाईयंत्र व डिजिटल स्वाक्षरीचे टोकन यांची खातरजमा आधी करावी.