वृत्तनिवेदिकेची खुर्ची : स्मिता पाटील यांच्या जीवनातून एक पाठ

बातम्या वाचणाऱ्या व्यक्तीचे जीवन हा इतिहासाच्या अभ्यासाचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. इतिहास म्हणजे राजे, लढाया आणि तह, ही समजूत आपल्याकडे अजून दृढ आहे. परंतु समाजाला रोज काय सांगितले गेले, ते कोणी सांगितले आणि कोणाच्या आवाजात सांगितले, हाही इतिहासच होय. या दृष्टीने आम्ही येथे स्मिता पाटील यांच्या जीवनाचा विचार करीत आहोत. थोर अभिनेत्री म्हणून त्या सर्वांना ठाऊक आहेत. पण महाराष्ट्राला त्यांची पहिली ओळख झाली ती मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचणारी तरुणी म्हणून.

मुंबई केंद्राचा आरंभ

भारतात दूरचित्रवाणीचे पहिले प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत झाले. मुंबईला त्यानंतर तेरा वर्षे वाट पाहावी लागली. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई केंद्र सुरू झाले. त्या वेळी दूरचित्रवाणी हा आकाशवाणीचाच एक भाग होता. दूरदर्शन स्वतंत्र झाले ते १९७६ मध्ये.

संच महाग होते. ठाकूरद्वार, गिरगाव, लालबाग, परळ या भागांतील चाळींत एखाद्याच बिऱ्हाडी संच असे आणि सायंकाळी त्या खोलीत शेजारपाजारचे लोक जमत. मुले जमिनीवर, बायका दारात आणि पुरुष गॅलरीत. चित्र कृष्णधवल आणि वाहिनी एकच. त्यामुळे बातम्या सांगणारा चेहरा हळूहळू घरातल्या माणसासारखा ओळखीचा झाला. मात्र कोणी खोलीत बसायचे आणि कोणी खिडकीबाहेर उभे राहायचे, हे संच ज्याच्या घरी त्याच्या मर्जीवर असे. खिडकीबाहेरून पाहिलेल्या बातम्यांच्या आठवणी आमच्या पिढीतील अनेकांकडे आहेत.

स्मिता पाटील यांची जडणघडण

स्मिता पाटील यांचा जन्म १७ ऑक्टोबर १९५५ रोजी पुण्यात झाला. घराणे मूळचे खानदेशातील शिरपूरचे. वडील शिवाजीराव पाटील हे स्वातंत्र्यसैनिक व राजकीय नेते, तर आई विद्याताई समाजकार्यात असलेल्या. राष्ट्र सेवा दलाचे संस्कार त्यांना लहानपणीच लाभले. वयाची विशी गाठण्यापूर्वीच त्या दूरदर्शनच्या पडद्यावर दिसू लागल्या.

त्यांच्याविषयी एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. जीन्स घालून त्या केंद्रावर येत आणि बातम्यांची वेळ झाली की त्यावरच साडी नेसून कॅमेऱ्यासमोर बसत. ही गोष्ट गमतीची म्हणून सांगतात; आम्हांला त्यात एक जाण दिसते. संस्थेचा शिष्टाचार त्यांनी पाळला आणि आपले वेगळेपणही सोडले नाही. नोकरीच्या ठिकाणी पहिले पाऊल टाकणाऱ्या आमच्या मुलींना हा समतोल शिकण्यासारखा आहे.

बातमी वाचणे हे दिसते तितके सोपे काम नव्हे. वाचणाऱ्याला आधी ती समजावी लागते. कोणत्या शब्दावर थांबायचे, कोणता आकडा सावकाश सांगायचा, गावाचे नाव कसे उच्चारायचे, हे ठरवावे लागते. दुःखाची बातमी वाचताना रडायचे नाही आणि कोरडेही व्हायचे नाही. ऐकणाऱ्याचा विश्वास बसतो तो या संयमामुळे.

पडद्यावरून पडद्याकडे

दिग्दर्शक श्याम बेनेगल यांचे लक्ष त्यांच्याकडे गेले ते दूरदर्शनमुळेच. ‘चरणदास चोर’ (१९७५) या बालचित्रपटातून त्यांचा प्रवेश झाला. त्यानंतर ‘मंथन’ (१९७६), ‘जैत रे जैत’ (१९७७), ‘भूमिका’ (१९७७), ‘चक्र’ (१९८१), ‘उंबरठा’ (१९८२) हे चित्रपट आले. ‘भूमिका’ आणि ‘चक्र’ यांतील अभिनयासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९८५ मध्ये पद्मश्री लाभली. १३ डिसेंबर १९८६ रोजी, बाळंतपणानंतर अवघ्या दोन आठवड्यांत, वयाच्या एकतिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

या कामांपैकी एकाकडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. प्रेमचंदांच्या कथेवरून सत्यजित राय यांनी १९८१ मध्ये ‘सद्गती’ हा लघुचित्रपट केला, आणि तो दूरदर्शनसाठी केला. दुखी नावाचा चर्मकार मुलीच्या सोयरिकीचा मुहूर्त विचारायला ब्राह्मणाच्या घरी जातो. आजारी आणि उपाशी असताना त्याला तेथे लाकूड फोडायला लावतात आणि त्यातच त्याचा प्राण जातो. प्रेताला हात लावायला कोणी तयार होत नाही. अखेर पायाला दोर बांधून ते ओढत नेले जाते. दुखीची बायको झुरिया ही भूमिका स्मिता पाटील यांनी केली. ज्या दूरदर्शनवर त्यांनी बातम्या वाचल्या, त्याच दूरदर्शनवर त्या झुरिया होऊन आल्या. वार्तापत्रात जे एका ओळीत आटोपते, त्या ओळीमागचे घर त्यांनी दाखवले.

खुर्ची कोणाची?

येथेच इतिहासाच्या विद्यार्थ्याने थांबून विचार करावा. मुंबई केंद्र सुरू झाले त्याच १९७२ साली याच शहरात दलित पँथरची स्थापना झाली. जानेवारी १९७४ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींत दंगल पेटली. दूरदर्शनचे केंद्रही वरळीतच. चाळी आणि केंद्र यांत चालत जाण्याएवढे अंतर. पण चाळीतल्या मुलाला किंवा मुलीला बातम्यांच्या खुर्चीपर्यंत पोहोचायला लागणारे अंतर फार मोठे होते. भक्ती बर्वे, अनंत भावे, प्रदीप भिडे यांच्यासारखे निवेदक महाराष्ट्राने आवडीने ऐकले. त्यांच्या गुणांविषयी दुमत नाही. प्रश्न गुणांचा नसून दाराचा आहे. प्रमाण भाषा ज्यांच्या घरात जन्मापासून बोलली जात होती, त्यांना ते दार उघडे होते.

बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखले होते. ३१ जानेवारी १९२० रोजी त्यांनी ‘मूकनायक’ सुरू केले ते याच जाणिवेने. दुसरा कितीही सहृदय असला, तरी आपले म्हणणे आपणच मांडावे लागते. स्मिता पाटील यांनी झुरियाला चेहरा दिला, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. परंतु झुरियाच्या नातीने बातमी लिहावी, वाचावी आणि कोणती बातमी आधी घ्यायची हेही ठरवावे, हे काम त्यांचे नव्हते. ते आपले आहे.

पालक व माजी विद्यार्थ्यांस

आज वाहिन्या पुष्कळ आहेत आणि हातातल्या फोनवरही बातमी सांगता येते. दार पूर्वीपेक्षा उघडे आहे. तरीही आमच्या मुली माईक समोर आला की मागे सरतात, कारण त्यांची बोली ‘अशुद्ध’ असल्याचे त्यांच्या मनावर बिंबवले गेले आहे. पालकांना आमची विनंती आहे की घरच्या बोलीची लाज मुलांना वाटू देऊ नका. बोली ही मायेची भाषा आहे. प्रमाण भाषा ही शिकून घेण्याची विद्या आहे. एकीसाठी दुसरी टाकावी लागत नाही.

शाळेच्या परिपाठात बातम्या वाचण्याची पाळी प्रत्येक मुलाची असावी, केवळ चांगल्या आवाजाच्या दोघा-तिघांची नव्हे. माजी विद्यार्थ्यांपैकी जे वृत्तपत्रांत वा वाहिन्यांत पोहोचले आहेत, त्यांनी वर्षातून एक दिवस वसतिगृहातील मुलांना द्यावा आणि बातमी कशी निवडतात, कशी लिहितात, कशी वाचतात हे समोर बसून शिकवावे. वाचण्यापूर्वी समजून घ्या, वाचताना सावकाश वाचा, आणि नाव कोणाचेही असो, ते नीट उच्चारा. एवढे आले तरी त्या खुर्चीची अर्धी वाट चालून होईल.