आधी वेळ विचार, मग शिडी उचल

लेकरा, ‘नेट येतं-जातं’ अशी तक्रार आली की लगेच शिडी उचलू नकोस. दिवसभर घरात असणाऱ्या माणसाला विचार, किती वाजता जातं? तेव्हा घरात, शेजारी काय चालू असतं? पार बंद पडलेली लाइन चटकन सापडते. अधूनमधून जाणारी मात्र तू पोचेपर्यंत सुरळीत झालेली असते, म्हणून वेळेवरूनच तिचा माग काढायचा.

आपल्या पाटोद्यात पहिला संशय लाइटवर घे. मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडतं, आणि अडॅप्टर जुना असेल तर मोडेम आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतो. घरच्यांना वाटतं नेट गेलं. मोडेमसमोर बसून दिवे बघ. सगळे एकदम विझून लागले तर अडॅप्टर, त्याची पिन नाहीतर बोर्डाचं सॉकेट. लाल दिवा लागला तर फायबरमधून उजेडच येत नाही. दिवे ठीक आणि मोबाइलवर नुसतं चक्र फिरतंय, तर मोडेमपासून लॅपटॉपला वायर जोड. वायरवर नीट चाललं तर दोष वायफायचा, खांबावर चढायचं कारण नाही. लोक मोडेम लोखंडी कपाटामागं ठेवतात. जुन्या घरांच्या दगडी भिंतीतून 5 गिगाहर्ट्झची रेंज तर जातच नाही. जागा बदलली तरी निम्म्या तक्रारी मिटतात.

आमच्या तांब्याच्या तारेचा वैरी पाऊस होता. जॉइंटमध्ये पाणी शिरलं की फोनवर खरखर आणि ब्रॉडबँड गुल. फायबरला वाकणं सोसत नाही. बालाघाटच्या या माथ्यावर पवनचक्क्या उगाच नाही उभारल्या. आषाढातल्या वाऱ्यात केबल खांबावर घासते, मुडपते, उजेड कमी होतो, वारा पडला की पुन्हा येतो. म्हणून पॉवर मीटर लावून आकडा बघ. उणे 20 डीबीएमच्या आसपास असेल तर निर्धास्त राहा. उणे 27 ला टेकला असेल तर आज चालेल, उद्या झुळकीनं तुटेल. मीटरवर नजर ठेवून सोबत्याला बाहेर केबल हलवायला सांग. जिथं हात लागल्यावर आकडा नाचतो, तिथंच दोष.

कनेक्टरचं तोंड शर्टाला पुसू नकोस, फुंकरही मारू नकोस. श्वासातली वाफ काचेवर बसते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारा कपडा जवळ ठेव. हिरव्याला हिरवाच जोड, निळ्याचं तोंड वेगळ्या कोनात घासलेलं असतं. आणि फायबरच्या टोकात डोळा घालून कधीही बघायचं नाही. तो उजेड दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

दसऱ्यानंतर आईबाप ऊसतोडीला गेलेली लेकरं आजीआजोबांजवळ राहतात. फडावरून फोन येतो तो रात्रीच. अशा घरची तक्रार सकाळवर ढकलू नकोस, मग ते घर डोंगराकडच्या शेवटच्या वस्तीवर का असेना.

एकाच वेळी चार घरं गेली तर कुणाच्याही घरात शिरू नकोस, सगळ्यांच्या सामाईक स्प्लिटरचा डबा आधी उघड. वर ऑफिसला कळवताना ‘नेट स्लो आहे’ एवढंच सांगितलं तर कुणी हलत नाही. तारीख, वेळ, कोणता दिवा, मीटरचा आकडा, सगळं वहीतून वाचून दाखव, आणि तक्रार क्रमांक लिहून घेतल्याशिवाय फोन ठेवू नकोस.