टर्बोच्या पाइपात तेल : इंजिन गेलं का?

प्रश्न : माझी टर्बो डिझेल गाडी लाखभर किलोमीटर चालली आहे. इंटरकूलरच्या पाइपात तेल दिसतं. मेकॅनिक म्हणतो, ब्रीदरची नळी काढून खाली सोडा. सोडू का?
– एक वाचक, सुलतान बाजार, हैदराबाद

उत्तर : सोडू नका. पिस्टन रिंगांच्या फटीतून थोडा वायू खाली क्रँककेसमध्ये उतरतोच. टर्बोच्या शाफ्टपाशीही थोडा मिसळतो. ऑइलचे बारीक कण घेऊन तो ब्रीदरवाटे टर्बोच्या तोंडाशी जातो. त्यामुळे पाइपात तेलाचा पातळ थर असणं स्वाभाविक आहे. नळी बाहेर सोडली, तर तोच धूर हवेत आणि केबिनमध्ये येईल; प्रदूषणाच्या दृष्टीनेही ते गैर. नळी बंद करणं तर त्याहून वाईट : दाब वाढून ऑइल सील गळू लागतात.

पाइपात तेल साचत असेल, तर आधी डिपस्टिक पाहा. ऑइल ‘मॅक्स’च्या वर नको. मग ऑइल सेपरेटर आणि ब्रीदरचा व्हॉल्व्ह तपासा, इंटरकूलर साफ करून घ्या. साचलेलं तेल इंजिनात ओढलं गेलं, तर चावी काढूनही इंजिन पळत राहू शकतं.

कोठी-सुलतान बाजारच्या गर्दीत जेमतेम दोन किलोमीटर गाडी चालवली, तर इंजिन पुरतं तापत नाही. ऑइल भरायच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली, तर ती बहुधा न उडालेल्या, ऑइलमध्ये मिसळलेल्या पाण्याची. पण कूलंटही कमी होत असेल, तर हेड गॅसकेट तपासा. आठवड्यातून एकदा आउटर रिंग रोडवर अर्धा तास गाडी न्या.

झाकण उघडल्यावर धूर जोरात, ठोके देत येत असेल, तर कॉम्प्रेशन टेस्ट करा.