जबड्यातील तंतू-अस्थी विकार: दात उपटण्यापूर्वी

जबड्याच्या कडेला न दुखणारी टणक सूज वर्षानुवर्षे हळूहळू वाढत राहिली, की घरच्यांच्या मनात पहिली शंका कर्करोगाची येते आणि नांदेड जिल्ह्यातील किनवट परिसरातील तंबाखूची सवय पाहता ती अनाठायी म्हणता येत नाही. मात्र तंबाखूमुळे होणारा कर्करोग बहुधा गाल, जीभ वा हिरडीच्या अस्तरावर न भरणारी जखम किंवा पांढरा-लाल चट्टा या रूपात सुरू होतो, तर तंतू-अस्थी विकारांत अस्तर सहसा शाबूत असते आणि बिघाड आतल्या हाडात असतो. निरोगी हाडाची जागा तंतुमय ऊतक घेते, त्यातच अपरिपक्व हाडाचे किंवा दाताच्या मुळावरील कठीण आवरणासारख्या पदार्थाचे कण तयार होतात. हे विकार सौम्य, म्हणजे इतर अवयवांत न पसरणारे आहेत. किनवट तालुक्यातील काही गावांत पाण्यातील फ्लोराईडमुळे दातांवर तपकिरी डाग पडतात. त्या डागांचा या सुजेशी संबंध जोडू नये.

या गटातील फायब्रस डिसप्लेसिया बालपणी सुरू होतो आणि खालच्यापेक्षा वरच्या जबड्यात अधिक आढळतो. गर्भ तयार झाल्यानंतर काही पेशींतील जीएनएएस या जनुकात झालेला बदल त्याच्या मुळाशी असल्यामुळे तो आईवडिलांकडून येत नाही आणि पुढच्या पिढीतही जात नाही. लग्नाच्या बोलणीत त्याला घराण्याचा आजार ठरवणे निखालस चुकीचे आहे. एक्स-रेमध्ये हाड घासलेल्या काचेसारखे धूसर दिसते आणि त्याची कड आसपासच्या हाडात विरून जाते. वाढीचे वय संपल्यावर तो बहुधा मंदावतो, म्हणून दृष्टी वा श्वास धोक्यात नसेल तर हाड तासून चेहरा सारखा करण्याची शस्त्रक्रिया तोवर लांबवली जाते. किरणोपचार मात्र टाळावेत, कारण त्यामुळे एरवी क्वचित घडणारे कर्करोगात रूपांतर संभवते. मुलीच्या अंगावर मोठे तपकिरी डाग असतील आणि पाळी फार लवकर आली असेल, तर अंतःस्रावी ग्रंथींचीही तपासणी करावी लागते.

ऑसिफाइंग फायब्रोमा ही खरी गाठ असून तिची कड स्पष्ट असते. ती वाढत राहते व दातांची मुळे बाजूला सारते, त्यामुळे ती काढावीच लागते. लहान वयातील तिचे प्रकार काढल्यानंतरही पुन्हा उद्भवू शकतात.

सर्वाधिक घोटाळा होतो तो सिमेंटो-ऑसियस डिसप्लेसियाच्या बाबतीत. मध्यमवयीन स्त्रियांत खालच्या पुढच्या दातांच्या मुळांशी तो कोणतेही लक्षण न देता असतो आणि दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या एक्स-रेत सापडतो. सुरुवातीला मुळाच्या टोकाशी काळपट गोल डाग दिसतो; तो पू झाल्याच्या डागासारखाच असल्यामुळे धडधाकट दाताचे रूट कॅनॉल केले जाते किंवा तो उपटलाही जातो. दाताला थंड स्पर्श करून त्याची नस जिवंत आहे का, हे पाहण्याची साधी चाचणी हा अनर्थ टाळते, आणि ती झाली की नाही हे विचारण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे. पुढच्या अवस्थेत तेथील हाड दाट व रक्तपुरवठ्याला पारखे होते. मग तेथील दात काढला किंवा तपासणीसाठी तुकडा घेतला, तर जखम न भरण्याचा आणि हाडात चिवट जंतुसंसर्ग माजण्याचा धोका असतो. म्हणून चित्र स्पष्ट असेल तेथे तुकडाही न घेता दात-हिरड्यांची निगा राखून ठरावीक काळाने एक्स-रे पाहणे एवढाच उपचार असतो.

सूक्ष्मदर्शकाखाली या तिन्ही विकारांचे तुकडे इतके सारखे दिसतात की एक्स-रे न पाहता केवळ काचपट्टीवरून दिलेला रिपोर्ट अर्धवटच राहतो. किनवटचा रुग्ण कधी नांदेडला विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, कधी लातूरच्या दंत महाविद्यालयात, तर कधी राज्याची सीमा ओलांडून आदिलाबादला जातो आणि या धावपळीत जुनी ओपीजी (संपूर्ण जबड्याच्या एक्स-रेची) फिल्म घरीच राहते. वास्तविक दोन वर्षांपूर्वीची फिल्म आजच्या फिल्मशेजारी ठेवली, की वाढीचा वेग महागड्या तपासणीविनाही कळू शकतो. ओठ बधिर होणे, दात अचानक हलू लागणे किंवा सूज काही आठवड्यांत वाढणे ही चिन्हे मात्र वाट पाहण्याची नव्हेत, आणि वरच्या जबड्यातील विकार डोळ्याच्या खोबणीकडे सरकत असेल तर दंतवैद्याबरोबर नेत्रतज्ज्ञाकडूनही नियमित तपासणी करून घ्यावी.