चमत्कार आणि पडताळणी

एखादे विधान विज्ञानाच्या कक्षेत येते की नाही, हे ठरविण्याची एक साधी कसोटी आहे. ते चुकीचे असल्यास निरीक्षणाने वा प्रयोगाने तसे कळून येईल काय, हे आपण पाहावे. ही कसोटी समाजापुढे कशी मांडली जाते, याचे बोधप्रद उदाहरण बंगळूर येथे १९७६ साली घडले.

बंगळूर विद्यापीठाचे तत्कालीन कुलगुरू डॉ. एच. नरसिंहय्या हे पदार्थविज्ञानाचे अध्यापक होते. सामान्य नागरिकांना विज्ञानविषयक व्याख्याने ऐकावयास मिळावीत, म्हणून त्यांनी १९६२ साली ‘बंगळूर सायन्स फोरम’ ही संस्था स्थापिली होती. १९७६ मध्ये त्यांनी चमत्कार व पडताळून पाहण्याजोग्या इतर अंधश्रद्धा यांच्या चौकशीसाठी समिती नेमली. ‘पडताळून पाहण्याजोग्या’ हे विशेषण येथे महत्त्वाचे आहे. ईश्वर आहे की नाही, हा प्रश्न त्यामुळे बाजूस राहतो. रिकाम्या हातात वस्तू उत्पन्न होते काय, हा प्रश्न मात्र कक्षेत येतो.

सत्य साईबाबा (१९२६–२०११) यांचा ‘वृंदावन’ आश्रम शहरालगतच्या व्हाइटफील्ड येथे होता. हवेतून विभूती व अंगठ्या काढून देण्याबद्दल त्यांची ख्याती होती. नियंत्रित परिस्थितीत हे करून दाखवावे, असे आवाहन करणारी तीन पत्रे नरसिंहय्यांनी त्यांना लिहिली. ती वृत्तपत्रांतून गाजलीही. त्यांना उत्तर मिळाले नाही. त्याच वर्षी मुंबईच्या ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाला दिलेल्या मुलाखतीत सत्य साईबाबांनी आपली भूमिका मांडली: विज्ञानाने इंद्रियगोचर वस्तूंपुरतीच चौकशी करावी, अध्यात्म त्यापलीकडचे आहे.

विज्ञानाची ही मर्यादा मान्य केली, तरी विभूती डोळ्यांना दिसते आणि अंगठीचे वजन करता येते. म्हणजे दोन्ही इंद्रियगोचरच होत. नियंत्रित परिस्थिती याचा अर्थ इतर शक्यता एकेक करून वगळणे. उदाहरणार्थ, बाह्या दंडापर्यंत वर सारावयास सांगणे किंवा बाहीत न मावणारा भोपळा मागणे.

मग उत्तर न आल्याने काय सिद्ध झाले? काटेकोरपणे पाहता, काहीही नाही. जो प्रयोग झालाच नाही, त्यावरून दावा खोटा ठरत नाही आणि खराही ठरत नाही. पुराव्याची जबाबदारी मात्र दावा करणाऱ्याकडेच राहते. विज्ञानाचे निष्कर्ष लोकांना सांगताना हा भेदही सांगावा लागतो. अन्यथा एका अंधविश्वासाच्या जागी दुसरा येतो. १९७६ च्याच ४२व्या घटनादुरुस्तीने विज्ञाननिष्ठ दृष्टिकोन व शोधकबुद्धी यांचा विकास करणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरविले. पुरावा मागणे आणि पुरावा नसताना निर्णय राखून ठेवणे, ही दोन्ही त्या कर्तव्याची अंगे होत.