माहितीपत्रकात बत्तीस, बिलात एक्कावन्न

पहिल्या महिन्याचं बिल व्हॉट्सॲपवर आलं तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. मूळ दर ३२,००० रुपये, तो ठाऊकच होता. त्याखाली डायपर ११२ नग, ४८ रुपये दराने ५,३७६. 'विशेष देखभाल, श्रेणी ३' ५,०००. औषधं ३,१४०. डॉक्टरांच्या दोन व्हिजिट १,४००. फिजिओ आठ वेळा ३,२००. हातमोजे, टिश्यू, स्पंजिंग १,१५०. एकूण ५१,२६६. डिमेन्शिया झालेल्या सासूबाईंना त्या देखभालीच्या जागेत ठेवण्याआधी आम्ही दोनदा जाऊन आलो होतो. बाग पाहिली, गणपतीचं छोटं देऊळ पाहिलं, संचालकांबरोबर चहा घेतला. 'श्रेणी ३' हा शब्द तेव्हा कोणी उच्चारला नव्हता, आणि आम्हालाही विचारायचं सुचलं नव्हतं.

बिलात खोटं काहीच नव्हतं. आम्ही दर विचारला होता, खर्च विचारला नव्हता, एवढंच. पुढे ती जागा सोडावी लागली आणि पुण्याच्या आसपासच्या अकरा जागा आम्ही पाहिल्या. त्या भटकंतीतून जे कळलं ते इथे लिहिते आहे. आकडे आम्हाला सांगितले गेलेले आहेत. तुमच्या गावात ते कमीजास्त असतील, बिलातल्या ओळी मात्र बहुधा याच असतील.

आधी नावाचा घोळ. आपल्याकडे 'नर्सिंग होम' म्हटलं की बाळंतपणाचं छोटं हॉस्पिटल डोळ्यांपुढे येतं. डिमेन्शियाच्या माणसाला कायमचं ठेवायची जागा वृद्धाश्रम, केअर सेंटर, रिहॅब, सीनियर केअर अशा कुठल्याही पाटीखाली चालते. त्यामुळे पाटी सोडा आणि नोंदणी कशाखाली आहे ते विचारा. धर्मादाय आयुक्तांकडे न्यास म्हणून, नर्सिंग होम कायद्याखाली, मानसिक आरोग्य कायदा २०१७ खाली, की नुसतं शॉप ॲक्टचं लायसन्स? शेवटचं उत्तर आलं म्हणून जागा वाईट ठरत नाही. पण तिथे रात्री नर्स असेलच असं धरून चालू नका.

दर कशाचा, खर्च कशाचा

आम्ही पाहिलेल्या जागांचे मूळ दर १८,००० पासून ७०,००० पर्यंत होते. अठरा हजारांत सहा खाटांची खोली, सत्तर हजारांत स्वतंत्र खोली, एसी आणि खिडकीतून डोंगर. सासूबाईंना डोंगर दिसतो का, हे आम्ही फार उशिरा स्वतःला विचारलं. त्यांना मोतीबिंदू होता आणि खिडकीकडे पाठ करून बसायची सवय. खोलीसाठी जे पैसे आपण मोजतो ते बरेचदा भेटायला येणाऱ्यांच्या समाधानासाठी असतात.

डायपर बाहेरून आणू देतात का, हा प्रश्न क्षुल्लक वाटतो. आम्ही नंतर घाऊक दुकानातून तोच माल ३० रुपयांना आणायला लागलो. ११२ नगांमागे २,०१६ रुपये वाचले, दर महिन्याला. काही जागा 'आमच्याकडूनच घ्यावे लागतील' म्हणतात. म्हणोत, पण ते आधी कळायला हवं. आणि दिवसाला किती बदलणार हेही. दोनच बदलून पैसे वाचवणाऱ्या जागेत पुढे बेडसोरच्या ड्रेसिंगची ओळ बिलात येते.

श्रेणी म्हणजे काय, ती कोण ठरवतं आणि किती दिवसांनी बदलते, हे कागदावर घ्या. चालणारा पेशंट, आधाराने चालणारा, अंथरुणाला खिळलेला, अशा साधारण पायऱ्या असतात. डिमेन्शियाचं माणूस ही पायरी चढतंच, उतरत नाही. म्हणून आजचा दर विचारतानाच शेवटच्या श्रेणीचाही विचारा. नळीने जेवण, कॅथेटर, एअर बेड, ऑक्सिजन यांचे वेगळे पैसे किती? आणि दरवर्षीची वाढ? वर्षाला १० टक्के हे ऐकायला साधं वाटतं, पण त्या हिशेबाने ३२,००० चे पाचव्या वाढीनंतर ५१,५०० होतात, वरचा खर्च सोडून. हा आजार पाच वर्षांतच आटपेल असं नाही.

डिपॉझिट आम्हाला एका महिन्याच्या दरापासून दोन लाखांपर्यंत सांगितलं गेलं. किती, यापेक्षा परत कधी आणि काय कापून, हे महत्त्वाचं. माणूस महिन्याच्या आठ तारखेला गेलं तर उरलेल्या बावीस दिवसांचे पैसे मिळतात का? हा प्रश्न विचारताना जीभ अडखळते. माझीही अडखळली. तरी विचारावा, कारण तेव्हा भांडायची ताकद नसते. हॉस्पिटलात भरती केलं तर त्या दिवसांचं भाडं चालू राहतं का, आणि तिथे पेशंटजवळ कोण बसणार? बहुतेक ठिकाणी उत्तर येतं, नातेवाईक. म्हणजे नर्सिंग ब्युरोची बाई, तिचे पैसे वेगळे.

जीएसटीचं पाहून घ्या. प्राप्तिकर कायद्याखाली नोंदलेली धर्मादाय संस्था साठीपुढच्या माणसाकडून राहणं, जेवण, देखभाल मिळून महिन्याला २५,००० रुपयांपर्यंत घेत असेल तर त्यावर जीएसटी नाही. खासगी जागेत दरातच कर धरला आहे की वर लागणार, हे लिहून घ्या.

घरीच ठेवणं स्वस्त पडतं का? आमच्याकडे बारा-बारा तासांच्या दोन मावश्या होत्या, प्रत्येकी ७०० रुपये, म्हणजे महिन्याला ४२,०००. त्यात मावशी न आल्याच्या दिवशीची माझी रजा धरलेली नाही.

रात्रीचे हात

आता मुद्द्याचं. या धंद्यात तुम्ही विकत घेता ते हात, आणि त्यातही रात्रीचे. सगळ्या जागा सांगतात, 'पाच पेशंटमागे एक मावशी'. खरं असतं, पण सकाळचं. रात्री दहानंतर किती जण जागे असतात? झोपायला किती असतात हे नाही विचारत मी, जागे किती. आमच्या पहिल्या जागेत वीस जणांना रात्री एकच बाई होती. सासूबाई पहाटे तीनला बाथरूमला उठल्या आणि पडल्या. आम्हाला फोन आला सकाळी साडेसातला.

साधा हिशेब करा. रात्रीची आणखी एक बाई ठेवायला पगार, सुट्ट्या, बदली धरून महिन्याला समजा २०,००० लागले. वीस पेशंटांत वाटले तर माणशी हजार रुपये. एसी खोलीसाठी आपण पंधरा हजार जास्त मोजतो आणि या हजारासाठी कोणी विचारत नाही! दोन जागांमध्ये मी हे सरळ बोलले. एका ठिकाणी संचालक हसले. दुसरीकडच्या बाईंनी ड्यूटी चार्ट काढून पुढे ठेवला. रात्रीच्या रकान्यात तीन नावं, पुढे सह्या. आम्ही तिथेच थांबलो.

चार्ट मागायला संकोच नको. मागच्या महिन्याचा मागा, पुढच्याचा नाही. त्यावर तीच ती नावं दिसतात की दर आठवड्याला नवी? या आजारात चेहरे ओळखीचे राहणं हे औषधाइतकं कामाचं असतं. पंधरा दिवसांनी मावशी बदलली की पेशंटच्या लेखी रोज घरात परका माणूस शिरतो, आणि तो अंघोळ घालायला बघतो.

संध्याकाळी साडेपाचला जा

जागा दाखवायला सकाळी अकराला बोलावतात. तेव्हा अंघोळी झालेल्या असतात, फरशी पुसलेली असते, सगळे ओळीने बसलेले असतात. तुम्ही संध्याकाळी जा. दिवस कलला की डिमेन्शियाची माणसं अस्वस्थ होतात, फेऱ्या मारतात, घरी जायचं म्हणतात. जागेची परीक्षा तेव्हा होते.

आम्ही थांबलो त्या जागेत पहिल्यांदा गेलो ती वेळ हीच. दाराशी एक आजी पदर खोचून उभ्या होत्या. 'पोरं शाळेतून आली असतील, सोड मला.' कडीला हात. मावशीने ना 'अहो, तुमची पोरं साठीला आली' म्हटलं, ना हात ओढला. म्हणाली, 'आजी, पोरं येतील ती भुकेली. भाजी निवडायची राहिलीय की.' आणि मेथीची जुडी त्यांच्या हातात दिली. आजी खुर्चीवर बसल्या, एकेक पान खुडायला लागल्या. देठं एका बाजूला, पानं ताटात, अगदी नीट. दहा मिनिटांनी त्यांना दाराची आठवण नव्हती.

दुसऱ्या एका जागेत याच वेळी तीन पेशंट ओढणीने खुर्चीला बांधलेले होते. 'पडू नयेत म्हणून,' असं सांगितलं. पडण्याची भीती खरी असते, हे मी अनुभवाने सांगते. पण बांधणं हा रोजचा रिवाज असेल तर ती जागा हातांची कमतरता ओढणीने भरून काढते आहे. ते करायला आणखी एक मार्ग असतो, गोळीचा. क्वेटियापिन, ओलान्झापिन, रिस्पेरिडोन ही नावं चिठ्ठीवर दिसली तर कोणी लिहिली, कशासाठी, किती दिवस, हे विचारा. कधीकधी खरोखर लागतात. पण डिमेन्शियाच्या वृद्धांत या गटातल्या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २००५ मध्येच छापायला लावला होता. 'आता अगदी शांत असतात हो,' हे वाक्य ऐकून लगेच हायसं वाटून घेऊ नका. उलटही लक्षात ठेवा. माणूस एका दिवसात एकदम जास्त बरळायला लागलं तर डिमेन्शिया वाढला असं न म्हणता लघवीची तपासणी आधी करायला सांगा. म्हाताऱ्या माणसांत जंतुसंसर्ग असाच डोकं वर काढतो.

बाकी नजर टाकायच्या गोष्टी पटकन सांगते. बाथरूमला आतून कडी नको, भिंतीला धरायला दांडी हवी, फरशी ओली नको. फिनेलचा उग्र वास आला तर तो कशाच्या वासावर मारलाय ते शोधा. पाण्याचा पेला पेशंटच्या हाताला लागतो का पाहा. जेवण भरवताना माणूस बसतं केलंय की आडवं, हेही पाहा. आडवं असेल तर घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. अंथरुणाला खिळलेल्यांची कूस दर दोन तासांनी बदलल्याची नोंद वहीत असते. त्या वहीत सगळ्या सह्या एकाच पेनने, एकाच दमात केलेल्या दिसल्या तर काय ते समजा.

पैसे कुठून, सही कोणाची

मेडिक्लेम हॉस्पिटलचा खर्च देतो, सांभाळण्याचा देत नाही. सत्तरीपुढच्या सगळ्यांना मिळणारं आयुष्मान भारतचं पाच लाखांचं कवचही भरती झाल्यावरच कामाचं. प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत निर्दिष्ट आजारांच्या यादीत डिमेन्शिया आहे आणि ज्येष्ठांच्या उपचारखर्चावर एक लाखापर्यंत वजावट आहे. तज्ज्ञ डॉक्टरांचं लेखी लागतं, सीएंना विचारून घ्या. बाकी सगळा खर्च पेन्शन, ठेवी आणि मुलांच्या खिशातून.

आणि इथेच बहुतेक घरं अडकतात. आमच्याकडे मुखत्यारपत्र होतं, त्यामुळे निर्धास्त होतो. पण आपल्या कायद्यात मुखत्यारपत्र देणाऱ्याचं मन शाबूत राहिलं नाही की ते संपतं. ज्या दिवसासाठी करून ठेवलं त्याच दिवशी निरुपयोगी. मग ठेव मोडायलासुद्धा पालक नेमून घेण्यासाठी उच्च न्यायालयात जावं लागू शकतं. म्हणून आजाराचं नाव पहिल्यांदा कानावर पडतं, माणसाला अजून सही कळते, तेव्हाच खाती जोडीची करा, नॉमिनी तपासा, इच्छापत्र करा, सोबत डॉक्टरांचं प्रमाणपत्र ठेवा. पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत नेण्याची गरज नाही. 'जीवन प्रमाण' मोबाइलवर चेहरा दाखवून होतं. फक्त डोळे उघडे ठेवायला लावणं, यात आमचा पाऊण तास गेला.

करार करताना घाईघाईत बाहेर काढण्याचं कलम शोधा. 'पेशंट आवरत नसल्यास ४८ तासांत घेऊन जावे' असं एका ठिकाणी होतं. आवरत नाही म्हणूनच तर आणलं! तीस दिवसांपेक्षा कमी मुदत असेल तर सही करू नका. डिपॉझिट अडलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, आणि भरलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील तर जिल्हा ग्राहक आयोगात फी नाही. वृद्धांना वाईट वागवल्याचं दिसलं तर १४५६७. शक्य असेल तर आधी पंधरा दिवस तात्पुरतं ठेवून पाहा, डिपॉझिट न भरता.

शेवटची गोष्ट फुकट आहे. नव्या जागी नेताना कपड्यांवर मार्करने नाव घातलं, घरची गोधडी दिली आणि एक कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. मावश्यांसाठी, मोठ्या अक्षरात. 'चहात दोन चमचे साखर, बशीत ओतून. आजी म्हटलं तर बघत नाहीत, बाई म्हणा, तीस वर्षं शाळेत होत्या. डाव्या कानाने ऐकू येत नाही. अंघोळीला पाणी आधी पायांवर. संध्याकाळी वह्या मागतील. खालच्या कप्प्यात आहेत, लाल पेनही आहे, तपासू द्या.'